सासूबाईंना कामाला लावलं, असं लोक म्हणतील

प्रश्न

बडोद्याच्या कारेलीबागेतून एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा.

तिचं वय ४४, नोकरी करते. घरी यजमान, कॉलेजातला मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. सासरे चार वर्षांपूर्वी गेले. गेल्या दिवाळीच्या आधी सासूबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड जुळलं, पण तेव्हापासून यजमानांनी आणि पुण्याच्या नणंदबाईंनी ठरवून टाकलं, "आईनं आयुष्यभर केलं, आता फक्त आराम." स्वयंपाकाला बाई ठेवली. खंडेराव मार्केटात भाजीला जाणं बंद, गुरुवारचं भजनी मंडळ बंद, गच्चीवर जाणं बंद. पासबुकही मुलाच्या कपाटात. दिवस झोपाळ्यावर आणि टीव्हीपुढे जातो. आठ महिन्यांत अशी वेळ आली की सोफ्यावरून उठताना हात द्यावा लागतो, सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. यंदा कैरीचं लोणचं विकत आणलं, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. मी आता नुसतं ओझं."

सुनेला वाटतं, हा आरामच त्यांना बाधतोय. पण त्यांच्या हातात लाटणं दिलं तर "सासूला कामाला लावलं" असं शेजारी म्हणतील, नणंद म्हणेल. आणि पुन्हा पडल्या तर सगळं खापर सुनेच्याच डोक्यावर. "की वय झालं हेच खरं, आणि मीच उगाच विचार करत बसलेय?" असं तिनं शेवटी विचारलं आहे.

उत्तर

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करू. ऑक्टोबरात गच्चीचा जिना चढणारी बाई जूनमध्ये हात धरल्याशिवाय सोफ्यावरून उठत नाही. याला वय कारण म्हणायचं, तर मधल्या काळात त्यांचं वय आठच महिन्यांनी वाढलं आहे. म्हातारपण इतक्या घाईनं येत नाही. घाईनं येतो तो एखादा आजार, किंवा शरीर न वापरल्यामुळे आलेला अशक्तपणा. दोन्हींवर इलाज असतो. त्यामुळे पुढचे बारा आठवडे तरी "आता वय झालं" हे वाक्य तुमच्या घरात कुणी कारण म्हणून वापरू नये.

आरामाबद्दल घरोघरी एक समज पक्का बसलेला आहे: त्यानं फायदा झाला नाही तरी तोटा काही नाही. तोटा होतो, आणि मोजता येण्याइतका होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचे स्नायू सुमारे एक किलोनं घटले. तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या नव्हत्या, हे मान्य. पण झोपाळा, सोफा आणि पलंग एवढ्यातच दिवस संपत असेल, तर मांड्यांना काम मिळतं ते कितीसं? मार्केटच्या एका फेरीत रिक्षात चढणं-उतरणं, गर्दीतून वाट काढणं, वाकून वांगी निवडणं, पिशवी उचलणं एवढं सगळं व्हायचं. पोळ्यांसाठी अर्धा तास ओट्याशी उभं राहणं व्हायचं. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, म्हणून तो बंद झाला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गेलेली ताकद परत येते का? १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धसंस्थेत नव्वदीच्या आसपासच्या, अगदी अशक्त झालेल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेतला होता. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहाच माणसं, तीही देखरेखीखाली, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्या घरी लावू नका. नव्वदीतसुद्धा स्नायू सांगितलेलं ऐकतात, एवढं मात्र त्यावरून निश्चित समजतं. तुमच्या सासूबाई तर बहात्तरच्याच आहेत.

आता थोडं अवघड. तुमच्या पत्रात यजमानांचं मत आहे, नणंदबाईंचं आहे, शेजारणी काय म्हणतील तेही आहे. सासूबाईंचं मात्र एकच वाक्य आहे, आणि तेही लोणच्यावरून निघालेलं. त्यांना काय हवं आहे हे आठ महिन्यांत कुणी विचारलेलं दिसत नाही. यजमानांनी ठरवलं की त्यांनी आराम करायचा. तुम्हाला वाटतं त्यांनी काम करावं. दोन्हींत ठरवणारं कुणी दुसरंच आहे.

म्हणून आधी विचारा. चारचौघांत नको, दुपारच्या चहाला दोघीच असताना. "आई, तुम्हाला काय करायला आवडेल?" असं मोघम विचारलंत तर "काही नाही गं, तुमचं चालू द्या" हेच ऐकू येईल. नेमकं विचारा: "पडायच्या आधीचं कुठलं एक काम परत सुरू करावंसं वाटतं? आणि कुठलं सुटलं ते बरंच झालं?" दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पन्नास वर्षं दोन्ही वेळ पोळ्या लाटलेल्या बाईला पोळपाट पुन्हा हवाच असेल, असं धरून चालू नका. कदाचित त्यांना पोळ्या नकोत आणि भजनी मंडळ हवं असेल. कदाचित फक्त पासबुक हवं असेल. त्या जे सांगतील तिथून सुरू करा, मग तुमच्या मनात काहीही असो.

काही सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांकडे नीट जाऊन या, यजमानांना बरोबर घेऊन. "आईंना अशक्तपणा आहे" एवढंच सांगितलं तर टॉनिक लिहून मिळेल. पुढच्या गोष्टी कागदावर लिहून न्या.

पहिली गोष्ट हाडांची. उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीनंतर मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ झालीत का हे पाहायलाच हवं. आपल्याकडे प्लास्टर निघालं की प्रकरण संपलं असं मानतात. खरं तर मनगट हा इशारा असतो आणि पुढचा धोका खुब्याला असतो. डेक्सा नावाची हाडांच्या घनतेची तपासणी असते. तिच्यात टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याहून खाली आला तर औषध लागतं. बहुतेकदा आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. गोळी चहाबरोबर घेतली तर ती अंगीच लागत नाही, आणि घेऊन झोपाळ्यावर लवंडलं तर अन्ननलिकेत जळजळ होते. मग "ही गोळी मानवत नाही" म्हणून ती बंद पडते. गोळी सुरू करण्याआधी दात काढायचे असतील तर तसं डॉक्टरांना सांगा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, पण त्याच्या साठ हजार युनिटच्या पुड्या न विचारता वर्षानुवर्षं चालू ठेवू नका.

दुसरी गोष्ट विसरण्याची. एखादं नाव चटकन न आठवणं या वयात चालतं. गॅस तसाच चालू राहणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं हे वेगळं, त्यासाठी तज्ज्ञच गाठायला हवा. या दोन्हींच्या मधे जे असतं त्यामागे पुष्कळदा बरी होण्यासारखी कारणं निघतात: बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, कमी ऐकू येणं, उदासी आणि झोपेची गोळी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी पँटोप्राझोलसारखी गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ हमखास पाहा. ते कमी पडलं की पायांना मुंग्या येतात आणि तोलही जातो. सगळी औषधं, सर्दीच्या गोळ्या आणि चूर्णंसुद्धा, एका पिशवीत घालून न्या आणि विचारा, "यातली कुठली कमी करता येईल?"

तिसरं म्हणजे रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोन्ही वेळा मोजून घ्या. पाच मिनिटं आडवं राहून एकदा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा अंकांनी उतरला तर उठताना चक्कर का येते ते कळलं. घाईच्या ओपीडीत हे कुणी आपणहून करत नाही, मागून घ्यावं लागतं. चष्मा बायफोकल असेल तर जिना उतरताना खालची पायरी पुसट दिसते. बाहेर जायला नुसत्या दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. आणि वय सत्तरीपुढे आहे म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं रुग्णालयातलं संरक्षण मिळतं.

आता ताकदीकडे येऊ. यासाठी जिम नको, मशीन नको, जेवणाच्या टेबलाची बिनहाताची एक मजबूत खुर्ची पुरे. ती भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. बसण्याची जागा जमिनीपासून साधारण सतरा इंच हवी. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पूर्ण बसता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ वयाच्या बाईला दहापेक्षा कमी वेळा जमलं तर पाय कमकुवत समजायचे. हाताचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य. तुमच्या वर्णनावरून आज तो शून्य असेल. हरकत नाही, आकडा तारखेसह कॅलेंडरवर लिहा. यजमानांना आणि नणंदबाईंना पुढे हेच दाखवायचं आहे.

शून्य असेल तेव्हा खुर्ची उंच करायची. गोधडीची घट्ट घडी घालून बसण्याची जागा तीन-चार इंच वर आणा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, दोन पावलांत वीतभर अंतर. नाक पायाच्या अंगठ्यांच्या रेषेत येईपर्यंत पुढे झुकायचं आणि मग उठायचं. बहुतेक लोक इथेच चुकतात: पाय पुढे ताणून, पाठ मागे टेकवून उठू पाहतात आणि मग "गुडघ्यात जोरच नाही" म्हणतात. जोर असला तरी तसं कुणालाच उठता येत नाही. बसताना मनात एक-दोन-तीन मोजत सावकाश बसायचं, धप्पकन नाही. खरी ताकद या उतरण्यातच वाढते. श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो. पाच वेळा करून दोन मिनिटं विसावा, पुन्हा पाच वेळा. दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीनदा. सलग दहा वेळा सहज जमू लागलं की गोधडीची एक घडी कमी करायची. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर ठीक, तसं व्हायचंच. गुडघा सुजला किंवा सांध्यात कळ आली तर बंद न करता घडी एकानं वाढवा.

याच्या जोडीला ओट्याचा कठडा धरून टाचा उचलणं, दहा वेळा. आणि तोलासाठी ओट्याशीच उभं राहून एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावायची, दहा सेकंद. इतकी दहा सेकंदं न जमणं हे पुढे पडण्याचा धोका असल्याचं चिन्ह आहे, म्हणून तोलाचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी हवा. नुसत्या चालण्यानं तोल फारसा सुधारत नाही. जुम्मादादांच्या आणि प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्याचं नाव काढताच अजून ज्या शहरात लोक कौतुकानं बोलतात, तिथं सत्तरीतल्या बाईनं खुर्चीवर उठबशा काढल्या तर कुणाला हसू येण्याचं कारण नाही.

एक गोष्ट आजपासून थांबवा: सोफ्यावरून उठवताना त्यांना दंडाला किंवा मनगटाला धरून ओढणं. तुम्ही तुमचा हात कोपरात वाकवून घट्ट धरा, त्यांनी तो पकडून स्वतः उठायचं. ओढलं की त्यांचे पाय काम करतच नाहीत, आणि मोडलेल्या मनगटाला, खांद्याला हिसका बसतो तो वेगळाच.

झोपाळ्याबद्दल तुम्ही सहज लिहिलंय, पण बडोद्याच्या घरांत ही जागा लक्ष देण्याजोगी आहे. उठताना झोपाळा मागे जातो आणि पुढे येताना पोटऱ्यांवर आदळतो. दोन पावलं तोल सावरण्याचीच असतात. बसताना तो अंदाजापेक्षा मागे असतो. काढून टाकू नका, त्यांची ती जागा आहे. आधी दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून तो पूर्ण थांबवायचा, एका हातानं कडी धरायची, मग उठायचं. फळी फार खाली असेल तर कड्या दोन-तीन इंच आखडून घ्या. खाली पायपुसणं ठेवू नका.

बाथरूमचं काम या आठवड्यातच करून टाका, पावसाळा तोंडावर आहे. स्टीलचे आधाराचे दांडे बसवा, मुठीत नीट येतील असे सव्वा ते दीड इंच जाडीचे: एक कमोडशेजारी, एक नळाशी, जमिनीपासून साधारण तेहतीस ते छत्तीस इंचांवर. उंची त्यांना तिथे उभं करून ठरवा. मिस्त्रीला सांगून विटेच्या भिंतीत खोलवर फास्टनर मारून घ्या. नुसत्या टाइलवर बसवलेला दांडा भार पडला की टाइलसकट हातात येतो. रबरी चकतीनं चिकटवायचे दांडे मिळतात, ते नकोत. टॉवेलचा दांडा तर धरण्यासाठी नसतोच, आणि पडताना माणूस नेमका तोच धरतो. बादली ठेंगण्या पाटावर ठेवा म्हणजे तांब्यासाठी फार वाकावं लागणार नाही. आंघोळीला रुंद पायांचं, रबराच्या टोप्या असलेलं स्टूल घ्या; साध्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर फाकतात. आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल अशी लावा. पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा हवा, आणि उंबरा असेल तर त्यावर उजळ रंगाची पट्टी.

खाण्याचं पत्रात काही नाही, तरी अंदाज करता येतो. सकाळी चहा-खाखरा, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, रात्री खिचडी-कढी. पोट भरतं, पण यात प्रथिनं जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम होतात. पंचावन्न किलोच्या ज्येष्ठ बाईला दिवसाला पंचावन्न ते पासष्ट ग्रॅम लागतात. त्याशिवाय व्यायाम केला तरी स्नायू बांधायला माल कुठून येणार? सकाळी खाखऱ्याऐवजी मूगडाळीचे दोन पुडे, म्हणजे धिरडी, त्यात सुमारे बारा ग्रॅम प्रथिनं. दुपारी वरण घट्ट आणि वाटीभर दही. चारला पन्नास ग्रॅम पनीर किंवा मूठभर फुटाणे. सेव-उसळ आणलीच तर त्यांच्या वाटीत उसळ जास्त, सेव कमी. दात किंवा कवळी दुखत असेल तर माणूस आधी डाळीसाळी सोडतो आणि खाखरा चहात बुडवून खातो. म्हणून दाताच्या डॉक्टरांची एक भेट याच यादीत टाका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं विचारल्याशिवाय वाढवू नका. आणि पाणी. पुन्हा पुन्हा उठावं लागतं म्हणून पुष्कळ बायका पाणी कमी पितात, त्यातून बद्धकोष्ठ आणि चक्कर. सहा-सात वाजेपर्यंत भरपूर प्यायचं, रात्री बेतानं.

आता लाटण्याचा प्रश्न. सासूबाईंना काम देणं आणि अधिकार परत देणं, यांत पुष्कळ अंतर आहे. मटार सोलायला दिले आणि भाजी कुठली करायची ते तुम्ही ठरवलंत, तर ते खरंच कामाला लावणं झालं. स्वयंपाकाच्या बाईंना काढू नका. त्या रोज सकाळी "आज काय करू?" हे सासूबाईंना विचारतील, एवढंच बदला. आठवड्याचा बेत, दुधाचा हिशोब, किराण्याची यादी, बाईंचा पगार हातात देणं, हे सगळं त्यांच्याकडे जाऊ दे. शेजारीण आली तर तिला दिसेल की सासूबाई घर चालवताहेत. कणीक भिजवायची त्यांना हौस असेल तर बोटांची पकड आणि मनगट, दोन्हींसाठी तो उत्तम व्यायाम आहे; सुरुवात दोन वाट्या पिठानं आणि सैलसर कणकेनं करा. पाच लिटरचा भरलेला कुकर मात्र त्या हातानं उचलायचा नाही. लोणच्याचा मोसम अजून पुरता सरलेला नाही. मार्केटात राजापुरी कैरी असेल तर दोन किलो आणा, फोडी बाजारातूनच करून आणा, आणि मसाला त्यांच्या हातानं पडू दे.

मदत जास्त झाली की काय होतं, हे १९८२ साली अमेरिकेत वृद्धसंस्थेतल्या ७२ जणांवर करून पाहिलं आहे. सर्वांना चित्राचे तुकडे जुळवायला दिले. एका गटाला शेजारी बसून हातानं मदत केली, दुसऱ्याला फक्त "जमतंय, करा" असं म्हटलं. नंतर एकट्यानं करायची वेळ आली तेव्हा मदत मिळालेला गट मागे पडला, आणि कोडंच अवघड आहे असंही त्याच लोकांना जास्त वाटलं. तुमच्या सासूबाईंच्या गोळ्यांचंही तेच. रोज आणून देऊ नका. सात कप्प्यांची डबी घ्या, रविवारी त्यांनीच भरायची, तुम्ही फक्त नजर टाकायची. पासबुक त्यांच्या कपाटात परत जाऊ दे, आणि नोव्हेंबरात कुटुंब निवृत्तीवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असेल तर बँकेत त्या स्वतः जाऊ देत.

यजमानांशी वाद घालू नका, त्यांना बारा आठवडे मागा. त्यांचा आग्रह भीतीपोटी आहे. वडील गेले, मग आई पडली. "आराम चुकीचा होता" असं म्हणाल तर ते आठ महिन्यांचा निर्णय राखायला बसतील. "डॉक्टरांनी सांगितलंय, बारा आठवडे करून बघू, आकडे लिहू" याला नाही म्हणणं कठीण जातं. दांडे बसवून घेण्याचं काम त्यांच्याकडे द्या. नणंदबाईंचंही तसंच. लांब राहणाऱ्या मुलीला काळजी करण्यापलीकडे काही करता येत नाही, म्हणून ती मनाई करते. त्यांना रविवारी व्हिडिओ कॉलवर आईच्या उठबशा मोजायला बसवा. रोजच्या फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारण्याऐवजी "आज काय केलंस?" विचारा, असं त्यांना सांगून पाहा. बारा आठवड्यांनी आकडा वाढला तर कुणाला काही पटवायची गरज उरणार नाही. शेजारणी बोलायच्या त्या बोलतीलच. आज सासूबाई दिवसभर झोपाळ्यावर एकट्या बसतात, त्यावरही त्या काहीतरी बोलत असतीलच.

भजनी मंडळ सुरू करताना पहिल्या दोन गुरुवारी कुणीतरी दारापर्यंत जा, आत जाऊ नका. पुढे ओळखीचा रिक्षावाला ठरवा. पायात स्लिपर नको, मागे पट्टा असलेली, पातळ, न घसरणाऱ्या तळव्याची चप्पल हवी. पर्स खांद्यावरून आडवी, म्हणजे दोन्ही हात मोकळे. खंडेराव मार्केट सकाळी, गर्दी व्हायच्या आत, आणि पिशवीत दोन किलोंच्या वर काही नाही. कमाटीबागेत चालायला गेलात तर एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत असं अंतर ठरवा. भर पावसात नाही.

"ओझं" हा शब्द मी सोडून दिलेला नाही. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल माणसाला काय वाटतं याचा तब्येतीशी संबंध असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावात पन्नाशीपुढच्या ६६० लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला होता. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले: वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. तब्येत, एकटेपणा, पैसा यांचा हिशोब धरूनही फरक उरला. नुसत्या नजरेमुळेच आयुष्य वाढलं असं यावरून सिद्ध होत नाही. पण "या वयात कशाला?", "तुम्हाला नाही झेपायचं" असं दिवसातून दहादा ऐकणाऱ्याची नजर चांगली राहणार तरी कशी? पुढच्या आठवड्यात घरात ही वाक्यं किती वेळा येतात ते मोजून पाहा, प्रेमानं म्हटलेलीही धरा. त्यातली काही तुमची स्वतःची निघतील.

ते वाक्य उदासीचंही असू शकतं. दोन गोष्टी विचारा: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटलं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला का? यातल्या एकाचंही उत्तर हो आलं तर डॉक्टरांना सांगा. उतारवयातली उदासी औषधानं आणि बोलण्यानं बरी होते. "आता जगून काय करायचं" अशी भाषा आली तर थांबू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे.

असाच प्रश्न असलेल्या इतर घरांसाठी: पक्षाघात, पार्किन्सन किंवा हृदयाचा आजार असेल, छातीत दुखत असेल, किंवा एका वर्षात दोनदा पडणं झालं असेल, तर वरचा व्यायाम आधी फिजिओथेरपिस्टच्या समोर सुरू करा.

आणि पडल्या तर? ही शक्यता शून्यावर कधीच येणार नाही, आराम करूनही आली नसती. म्हणून पडल्यावर उठायचं कसं, हे त्यांना आधीच शिकवून ठेवा, गादीवर, तुम्ही शेजारी असताना. कुशीवर वळायचं, कोपरावर रेटा देऊन चार पायांवर यायचं, रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपाशी जायचं. दोन्ही कोपरं खुर्चीवर टेकवायची, म्हणजे मनगटावर भार येत नाही. जोरदार पायाचं पाऊल पुढे रोवायचं, रेटा द्यायचा, वळून बसायचं, आणि मिनिटभर तसंच बसून राहायचं. खुब्यात कळ असेल, किंवा एक पाय आखूड, बाहेर वळलेला दिसत असेल तर उठवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. मोबाइल ओट्यावर नको, कायम त्यांच्या अंगावर, गळ्यातल्या छोट्या पाऊचमध्ये.

कॅलेंडरवर दर दुसऱ्या रविवारी आकडा लिहा. सहा आठवडे होऊनही हात न लावता एकदाही उठता आलं नाही, तर बारा पूर्ण व्हायची वाट पाहू नका, फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा.